शेऱ्याचा रकाना

कुताईसीत नऊमजली इमारती पुष्कळ,
आणि त्यांच्या लिफ्टा माझ्याहून म्हाताऱ्या.
त्या चालत्या ठेवणाऱ्या कंपनीत मी रुजू झाले
तेव्हा रामाझनं फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं:
मार्चपर्यंत कागद बंद.
खाली दोन रेघा. दुसरी मारताना खडू मोडलेला.

कागद म्हणजे त्सिआला.
तिसऱ्या कपाटाआड तिचं टेबल,
बुटांच्या खोक्यांतून अकराशे कार्डं,
लिफ्टमागे एक.
दोर कधी बदलला, मोटर कुठून आणली,
कुठल्या दारात बोट चेमटतं.

सगळे म्हणाले, हिला गोडीगुलाबीनं घे,
ही मोडता घालणार.
मी आठवडाभर तिच्या वाटेलाच गेले नाही.
तक्ते आखले, बाण काढले
आजकडून उद्याकडे जाणारे.
बाण काढायला काय लागतं.

मग एका सोमवारी तीच आली, खोकं घेऊन.
धप्प.
घाला एकदाचं तुमच्या यंत्रात, म्हणाली.
भावाच्या चाळिसाव्या दिवशी पंगतीत बसले होते,
तेव्हाही फोन: त्सिआला, तो अरुंद पट्टा कुठाय?
घास हातात धरून सांगितलं,
खालून दुसरा खण, डावीकडे.
एकवीस वर्षं माझं डोकं यांचं गोदाम आहे
आणि गोदामाला रजा नसते, पोरी.

ती वाचायची, मी टंकायची.
पत्ता, वजन, तारीख भराभर उतरलं.
घोडं अडलं ते समासात,
पेन्सिलीच्या मुंगीएवढ्या अक्षरांपाशी:

सातव्यावर बिचिकोकाका. हृदय. इथे आधी जा.

हिवाळ्यात पैसे मागू नये. मे महिन्यात आपणहून आणून देतात.

तळमजल्यावरची बाई ओरडेल. ओरडू द्यावं.
तिचा मुलगा याच लिफ्टमध्ये

आणि पुढे कोपरा फाटलेला.
माझी बोटं थांबली. याच लिफ्टमध्ये काय?
जन्मला, ती म्हणाली. तुला काय वाटलं?

हे घालायचं कुठे?
प्राधान्य होतं, एक ते पाच.
तिबिलिसीहून प्रणाली बसवणारा पोरगा फोनवर म्हणाला,
शेऱ्याला रकाना आहे ना, चाळीस अक्षरांचा.
त्सिआला हसली.
चाळीस अक्षरांत माणूस काय,
त्याच्या सपाताही मावत नाहीत.

रकाना ताणायला जादा पैसे पडणार होते.
रामाझ चिडला, खिडकीशी जाऊन सिगारेट ओढून आला,
बिचिकोचं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं,
आणि फळ्यावरचा मार्च पुसून एप्रिल लिहिलं.
नंतर मे.

चालू केलं त्या दिवशी विशेष काही घडलं नाही.
छपाई अडली.
नुग्झारनं पासवर्ड टोपीच्या आत लिहून ठेवलेला,
टोपी घरी.
दहाच्या सुमारास त्सिआलाचा फोन वाजला.
तिनं उचलला नाही.
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली
आणि वाजू दिला.
मग तो आपोआप थांबला. सापडला असावा पट्टा.
मी पडद्याकडे बघत होते तेव्हा.
तिच्याकडे बघायला हवं होतं.

जूनमध्ये ती उरेकीला गेली,
तिथली वाळू काळी, लोहचुंबकाला चिकटणारी.
गुडघे पुरून बसलं की दुखणं ओढून घेते म्हणतात.
फोटो आला: दोन ढिगारे, मागे समुद्राची चिंधी.
खाली लिहिलेलं, कुणी काही विचारलं?
मी कळवलं, नाही, सगळं सुरळीत.
त्यावर काही आलं नाही.

सकाळी रात्रीच्या नोंदी चाळताना दिसलं:
अकरा चाळीस, तिचं लॉगिन.
एकच कार्ड उघडलेलं, सातवा मजला.
बारा मिनिटं.
बदल: काही नाही.